बीजगणित मुलांना का अडतं? पहिलीपासून कॉलेजपर्यंतचं संशोधन काय सांगतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बीजगणित कसं शिकतात आणि कसं शिकवावं यावर गेली पन्नासेक वर्षं जगभर भरपूर काम झालंय, पण ते पालकांपर्यंत पोचत नाही आणि खरं सांगायचं तर वर्गात शिकवणाऱ्यांपर्यंतही फारसं पोचत नाही. खालचे प्रश्न पालक, क्लास घेणारे आणि डीएड-बीएडची मुलं नेहमी विचारतात. काही उत्तरं बरीच लांबलीत, कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

मुलगी पाचवीपर्यंत गणितात हुशार होती, समीकरणं आल्यापासून मार्क घसरले. असं अचानक कसं झालं?

अचानक झालेलं नसतं. सगळ्या संशोधनातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, ती म्हणजे बीजगणितातली अडचण क्ष आल्यावर फक्त दिसायला लागते, ती तयार झालेली असते पहिली ते चौथीत, साध्या बेरजा-वजाबाक्या करताना. तिथे मूल काही सवयी लावून घेतं आणि त्या सवयींवर त्याला पैकीच्या पैकी मार्कही मिळतात, म्हणून कोणालाच शंका येत नाही. पुढे त्याच सवयी आड येतात. यातली सगळ्यात मोठी सवय बरोबरच्या चिन्हाची आहे, ती पुढच्या प्रश्नात बघू.

बरोबरच्या चिन्हात न समजण्यासारखं काय आहे? ते तर पहिलीतच शिकवतात.

हे घरी करून बघा. मुलाला कागदावर लिहून द्या:

८ + ४ = __ + ५

आणि रिकाम्या जागी काय येईल ते विचारा. उत्तर ७ आहे, कारण दोन्ही बाजूला १२ व्हायला हवेत. अमेरिकेत फॉकनर, लेव्ही आणि कारपेंटर यांनी १९९९ साली छापलेल्या लेखात हाच प्रश्न आहे, त्यात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिलं नाही, सगळ्यांनी १२ नाहीतर १७ लिहिलं. सहावीची मुलं! १२ लिहिणारं मूल म्हणतं आठ आणि चार बारा, झालं उत्तर, पुढचा ५ कशाला दिलाय माहीत नाही. १७ लिहिणारं मूल दिसेल ते सगळं मिळवून टाकतं.

म्हणजे मुलाला = हे चिन्ह "आता उत्तर लिहा" असं सांगतंय असं वाटतं. कॅल्क्युलेटरवर ते बटण दाबलं की उत्तर येतं, तसंच काहीसं. कॅनडाच्या कॅरोलिन किएरन यांनी १९८१ मध्येच हे नीट मांडलं होतं की मुलांसाठी ते चिन्ह काहीतरी करायची सूचना असते, दोन बाजू सारख्या आहेत हे सांगणारं नसतं. आपल्याकडची मुलं ३ + ५ = ८ × २ = १६ − ४ = १२ असं एका ओळीत लिहीत जातात ते याच सवयीतून येतं. तीन आणि पाच म्हणजे बारा असं त्या ओळीत लिहिलं गेलंय हे त्यांच्या लक्षातही येत नाही, आणि शेवटचं उत्तर बरोबर असल्यामुळे वहीवर बरोबरची खूण मिळून जाते.

आता हेच मूल २क्ष + ३ = क्ष + ८ कडे बघतं तेव्हा त्याला अर्थच लागत नाही, कारण चिन्हाच्या उजवीकडे उत्तर असतं अशी त्याची पक्की समजूत आहे आणि इथे तर उजवीकडे अजून एक गणित बसलंय. नूथ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहावी ते आठवीच्या मुलांवर हे तपासलं, ज्यांना = चा अर्थ "दोन्ही बाजू सारख्या" असा कळला होता ती मुलं समीकरणं स्पष्टपणे चांगली सोडवत होती.

निकोल मॅकनील यांच्या कामातून तर असं दिसलं की अशा प्रश्नांत सात वर्षांची मुलं नऊ वर्षांच्या मुलांपेक्षा बरी कामगिरी करतात! दोन वर्षं एकाच साच्यातली गणितं, डावीकडे गणित उजवीकडे उत्तर, करून करून तो साचा इतका घट्ट बसतो की मूल मागे जातं. मला हा सगळ्या संशोधनातला सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो, कारण तो मुलाला नाही तर आपल्या गणितं मांडायच्या पद्धतीला जबाबदार धरतो.

लहान वयात एवढं समजायची मेंदूची तयारीच नसते, असं नाही का?

नाही. २००८ मध्ये शाओबाओ ली आणि सहकाऱ्यांनी चीन आणि अमेरिकेतल्या सहावीच्या मुलांची तुलना केली. चीनमधली जवळपास सगळी मुलं असले प्रश्न बरोबर सोडवत होती, अमेरिकेतली पाव भागापेक्षा जरा जास्त. पुस्तकं तपासल्यावर कारण सापडलं, चिनी पुस्तकात = हे चिन्ह < आणि > यांच्याबरोबर येतं, म्हणजे आधी दोन गटांची तुलना, कुठे जास्त कुठे कमी कुठे सारखे, आणि बेरीज त्याच्या नंतर. वय तेच होतं, फरक शिकवण्याच्या क्रमात होता.

अक्षरं आल्यावर मुलं गोंधळतात ते कशाने?

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात लंडनच्या चेल्सी कॉलेजतर्फे शालेय गणितावर मोठा अभ्यास झाला, त्यात डिटमार कुकेमन यांनी १३ ते १५ वयाच्या साधारण ३००० मुलांची बीजगणिताची उत्तरं तपासली. मुलं अक्षराकडे सहा वेगवेगळ्या पद्धतींनी बघतात असं त्यांना दिसलं. काही जण अक्षराकडे दुर्लक्षच करतात, काही जण त्याला थेट एखादी किंमत देऊन टाकतात, काही जण त्याला वस्तू समजतात, काहींना ती एक ठरावीक पण माहीत नसलेली संख्या वाटते, आणि अक्षर म्हणजे कुठलीही संख्या, बदलत जाणारी संख्या, इथपर्यंत फार थोडी मुलं पोचतात. त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो: २क्ष मोठं की क्ष + २? बहुतेक मुलं लगेच म्हणतात २क्ष, कारण गुणाकाराने संख्या मोठी होते. खरं उत्तर आहे क्ष वर अवलंबून आहे, क्ष १ असेल तर क्ष + २ मोठं, २ असेल तर दोन्ही सारखे, ३ असेल तर २क्ष मोठं. पंधरा मिनिटांचा मस्त तास होतो यावर.

अक्षराला वस्तू समजायची सवय बऱ्याचदा आपणच लावतो. "३अ + २ब म्हणजे ३ आंबे आणि २ बोरं, आंबे आणि बोरं मिळवता येतात का?" असं कितीतरी वर्गात सांगतात, त्याने त्या दिवशीचं काम भागतं पण पुढे नुकसान होतं. अ म्हणजे आंबा नाही, अ म्हणजे आंब्यांची संख्या किंवा एका आंब्याची किंमत. आणि आंबा गुणिले बोर म्हणजे काय, अब ला काय अर्थ द्यायचा, तिथे ही समजूत पूर्ण कोलमडते. (भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं आहेत, काळा निळा पिवळा, तिथेही नीलक म्हणजे निळी वस्तू नसते, संख्याच असते.)

अजून एक, ३क्ष + ४ ला मुलं ७क्ष करून टाकतात. हा निष्काळजीपणा नाहीये, मुलाला ते अर्धवट वाटतं, मधे + चं चिन्ह दिसतंय म्हणजे काहीतरी करायचं राहिलंय. ३क्ष + ४ हेच उत्तर असू शकतं हे स्वीकारायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा लागतो.

पण मोठं झाल्यावर, निदान इंजिनिअरिंगला जाईपर्यंत, हे सगळं सुटतं ना?

इथे एक प्रसिद्ध प्रश्न आहे. एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांच्या संख्येला वि आणि प्राध्यापकांच्या संख्येला प्रा म्हणा आणि समीकरण लिहा. पुढे वाचण्याआधी स्वतः लिहून बघा.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात क्लेमंट, लॉकहेड आणि मंक यांनी हा प्रश्न कॅल्क्युलसपर्यंत, म्हणजे कॉलेजातल्या वरच्या गणितापर्यंत, पोचलेल्या मुलांना दिला, १९८१ च्या त्यांच्या लेखात आकडा आहे, ३७ टक्के चुकले, आणि चुकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ६वि = प्रा असं उलटं लिहिलं. बरोबर समीकरण वि = ६प्रा आहे. अजून एक प्रश्न होता, एका हॉटेलात दर पाच जणांनी स्ट्रूडेल (एक गोड पदार्थ) मागवलं तर चार जणांनी चीजकेक मागवला, याचं समीकरण लिहायचं, त्यात तर ७३ टक्के चुकले.

कारण काय? मनात चित्र येतं सहा विद्यार्थी आणि त्यांच्यासमोर एक प्राध्यापक, आणि ते चित्र जसंच्या तसं उतरतं, ६वि. आपण मराठीत "एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी" म्हणतो तेव्हा नेमकं हेच चित्र उभं राहतं. इथेही अक्षर संख्येऐवजी माणसाचं लेबल झालंय, म्हणजे सातवीतले आंबे आणि बोरं कॉलेजात परत आले. आणि नुसतं समजावून सांगून हे जात नाही, रॉस्निक आणि क्लेमंट यांनी मुलांना एकेकटं बसवून शिकवून बघितलं, उत्तर सुधारायचं पण समज बऱ्याचदा जुनीच राहायची. जे उपयोगी पडतं ते म्हणजे संख्या घालून तपासणं: प्रा १० धरा, मग वि ६० हवेत, आता तुमचं समीकरण तसं सांगतं का?

"पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" असं शिकवणं चूक आहे का?

नियम चूक नाही, पण कारण न सांगता आधी नियम देणं महागात पडतं. दोन्ही बाजूंतून ५ वजा केले म्हणून डावीकडचा + ५ गेला आणि उजवीकडे − ५ आला, हे मुलाने निदान काही आठवडे पूर्ण ओळ लिहून करावं आणि मग खुशाल पक्षांतर (पद पलीकडे नेणं) करावं. नाहीतर ३क्ष = १२ मध्ये ३ पलीकडे नेऊन क्ष = १२ − ३ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात सापडतात, त्यांनी नियम पाळलाय, चिन्ह बदललंय!

मेक्सिकोच्या फिलॉय आणि रोहानो यांनी १९८९ मध्ये दाखवलं की २क्ष + ३ = ११ आणि २क्ष + ३ = क्ष + ८ ही दोन समीकरणं आपल्याला सारखी वाटतात पण मुलासाठी मधे मोठी दरी असते. पहिलं समीकरण उलटं चालत जाऊन अंकगणितानेच सुटतं, ११ मधून ३ काढा, निम्मे करा. दुसऱ्यात अज्ञात संख्येवरच क्रिया करावी लागते. त्यामुळे पहिल्या प्रकारात पैकीच्या पैकी पडले म्हणजे बीजगणित आलं असं धरून चालू नका.

तराजूचं चित्र या टप्प्यावर चांगलं काम करतं. पण बेल्जियमच्या जोएल व्लासिस यांच्या अभ्यासात दिसलं की ऋण संख्या आल्या की मुलं तिथे अडतात, कारण पारड्यात उणे चार किलो ठेवता येत नाहीत. तेव्हा तराजू सुरुवातीला वापरा, नंतर सोडा.

मग पहिली-दुसरीपासूनच क्ष आणायचा का?

क्ष आणायची घाई नको, पण बीजगणिताचा विचार नक्की आणता येतो. रशियात वासिली दाविदोव यांनी १९६० च्या दशकापासून अगदी उलटा क्रम करून बघितला, पहिलीत संख्यांच्याही आधी लांबी, वजन, पाण्याचं माप यांची तुलना आणि त्यांना अक्षरं. हे पाणी अ, ते पाणी ब, अ जास्त आहे, किती जास्त तर क, म्हणजे अ = ब + क, आणि अ मधून क काढलं की ब. सहा-सात वर्षांची मुलं हे करतात. पुढे हवाई विद्यापीठातल्या गटाने याच धर्तीवर अभ्यासक्रम केला.

अमेरिकेत कॅराहर, श्लीमान आणि ब्रिझुएला यांनी बोस्टनच्या आसपास तिसरीच्या वर्गात दोन सारखे बंद डबे ठेवले, दोन्हीत सारख्याच गोळ्या, एक मुलाचा, एक मुलीचा, मुलीच्या डब्यावर अजून तीन गोळ्या. कोणाकडे किती? सुरुवातीला मुलं आकडे ठोकून देतात, सहा आणि नऊ, दहा आणि तेरा. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले की हळूहळू दिसतं की आकडे वेगळे पण तीनचा फरक तोच, आणि मग "कितीही असू देत, तिच्याकडे तीन जास्त" इथे मुलं येतात. तिथे अक्षर दिलं की ते त्यांना हवंच असतं, वरून लादावं लागत नाही.

हे छोट्या गटातच चालतं का? मारिया ब्लँटन यांच्या गटाने तिसरी ते पाचवीसाठी वर्षाला १८ धडे असा कार्यक्रम केला, ४६ शाळांत नेहमीच्याच शिक्षकांनी शिकवला, २०१९ मध्ये निकाल आला आणि ही मुलं बाकीच्यांपेक्षा पुढे होती.

आपल्याकडे, मराठी माध्यमात, काही संशोधन झालंय का?

झालंय, आणि ते आपल्या शिक्षकांनी वाचायलाच हवं. मुंबईत मानखुर्दला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी २००३ ते २००५ मध्ये इंग्रजी आणि मराठी माध्यमाच्या सहावीच्या मुलांबरोबर काम केलं. त्यांचा भर पदांवर होता. १९ − ७ + ४ बघितलं की कितीतरी मुलं ७ आणि ४ आधी मिळवतात आणि १९ मधून ११ काढून ८ लिहितात. पण त्यात +१९, −७, +४ अशी तीन पदं आहेत, चिन्ह पदाला चिकटलेलं आहे, असं बघायला शिकवलं की क्रम कसाही लावा, उत्तर १६ च येतं. मग २७ + ३२ आणि २९ + ३० सारखे आहेत का, हे उत्तर न काढता, नुसतं बघून सांगायचं. हीच नजर नंतर ५क्ष − ३ + २क्ष ला लावायची. संख्यांच्या राशीतली (चिन्हांनी जोडलेल्या पदांच्या मांडणीतली) रचना आधी दिसली तर अक्षरांची राशी परकी राहत नाही. आपल्याकडे नववी-दहावीला बीजगणिताचं वेगळं पुस्तक आहे, वेगळा पेपर आहे, त्यामुळे अंकगणित आणि बीजगणित हे दोन वेगळे विषय आहेत असं मुलांच्या मनात सहज बसतं, म्हणून हे काम मला जास्तच मोलाचं वाटतं.

शाब्दिक उदाहरणं अवघड म्हणून शेवटी ठेवतात ते योग्य आहे का?

सोप्या पातळीवर तरी नाही. कोडिंगर आणि नेथन यांनी एकच गणित वेगवेगळ्या रूपांत दिलं, एक गोष्टीच्या रूपात (वेटरने सहा तास काम केलं, ६६ डॉलर टिप मिळाली, एकूण ८१.९० झाले, तासाला किती?) आणि एक नुसतं समीकरण. शिक्षकांचा अंदाज होता की समीकरण सोपं जाईल, प्रत्यक्षात मुलांनी गोष्टच जास्त बरोबर सोडवली, कारण ती उलटं मोजत गेली किंवा अंदाज करून तपासत गेली. ज्यांना विषय चांगला येतो त्यांना नवख्याची अडचण दिसत नाही ती अशी. गणित गुंतागुंतीचं झालं, अज्ञात दोन्हीकडे आलं, की मात्र समीकरण जिंकतं, आणि तेव्हाच मुलाला त्याची गरज पटते. म्हणून गोष्ट आधी, मुलाची स्वतःची पद्धत आधी, मग "पेनाची किंमत क्ष मानू".

सराव म्हणजे एका प्रकारची पन्नास गणितं?

एका प्रकारची सलग पन्नास नकोत. फ्लोरिडात डग रोहरर यांच्या गटाने सातवीच्या ५४ वर्गांत प्रयोग केला, अर्ध्या वर्गांना एका प्रकारची गणितं एकत्र, अर्ध्यांना तीच गणितं मिसळून. महिन्याभराने अचानक परीक्षा घेतली तर मिसळून करणाऱ्यांना सरासरी ६१ टक्के, बाकीच्यांना ३८. मिसळलेल्या गणितात कुठली पद्धत लावायची हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं, परीक्षेतही तेच करायचं असतं.

दुसरं म्हणजे सोडवलेली उदाहरणं. ऑस्ट्रेलियात स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्येच दाखवलं की नवख्या मुलाने एक सोडवलेलं उदाहरण अभ्यासावं, मग तसंच एक सोडवावं, हे नुसती गणितं सोडवत बसण्यापेक्षा कमी वेळात जास्त शिकवतं. ज्युली बूथ यांनी पुढे जाऊन चुकीची सोडवलेली उदाहरणंही दिली, "इथे काय चुकलं, का चुकलं" हे मुलांकडून लिहून घेतलं, आणि तेही फायद्याचं ठरलं. आपल्याकडे चूक फळ्यावर ठेवायला लोक घाबरतात, मुलं चूकच शिकतील म्हणून. कारण लिहून घेतलं तर तसं होत नाही. आणि ३(क्ष + १) = १५ सारखं गणित दोन पद्धतींनी शेजारी शेजारी लिहून कुठली बरी ते विचारा, अगदी नवख्या मुलांना मात्र आधी एक पद्धत रुळू द्या.

सॉफ्टवेअरने फरक पडतो?

थोडा, आणि लगेच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातून निघालेल्या कॉग्निटिव्ह ट्यूटर या बीजगणित शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरची रँड या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या सात राज्यांत चाचणी घेतली, पहिल्या वर्षी काहीच फायदा नाही, दुसऱ्या वर्षी हायस्कूलमध्ये दिसला.

सगळ्यांना लवकर बीजगणित सक्तीचं करावं का?

हा वाद मुख्यतः अमेरिकेतला आहे. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी लढलेले बॉब मोझेस यांनी १९८२ मध्ये अल्जिब्रा प्रोजेक्ट सुरू केला, बीजगणित न मिळणं म्हणजे पुढचे दरवाजे बंद होणं, म्हणून हा नागरी हक्काचा प्रश्न आहे असं ते म्हणायचे, आणि मला ते मनापासून पटतं. पण नुसती सक्ती करून काय होतं तेही दिसलंय. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात मुलांना घाईने आठवीत बीजगणितात ढकललं, त्या मुलांचे पुढचेही निकाल घसरले. शिकागोने १९९७ मध्ये नववीत सगळ्यांना सक्ती केली, नापासांचं प्रमाण वाढलं. २००३ पासून तिथे कच्च्या मुलांना रोज दोन तासिका दिल्या, तेव्हा मात्र फायदा झाला, अगदी शाळा पूर्ण करणं आणि कॉलेजला जाणं इथपर्यंत. सॅन फ्रान्सिस्कोने उलट २०१४ मध्ये आठवीतून बीजगणित काढलं आणि २०२४ मध्ये परत आणायचं ठरवलं. इयत्ता पुढेमागे करण्यात सगळी ताकद जाते आणि आधीच्या पाच वर्षांत काय शिकवलं हे कोणी विचारत नाही, याचं फार वाईट वाटतं.

कॉलेजात गेल्यावरही बीजगणितात नापास होणाऱ्यांचं काय?

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत २०१३ मध्ये चांगला प्रयोग झाला. ज्यांना आधी प्राथमिक बीजगणिताचा कोर्स करावा लागला असता अशा ९०७ मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं. नुसतं बीजगणित करणाऱ्यांत ३९ टक्के पास, सोबत जादा मार्गदर्शन मिळालेल्यांत ४५, आणि बीजगणिताऐवजी थेट कॉलेजचं संख्याशास्त्र, तेही मार्गदर्शनासह, दिलेल्यांत ५६. ज्यांच्या शाखेला बीजगणित लागत नाही त्यांना त्याच्यासाठी अडवून ठेवू नये असा याचा अर्थ. इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाला जाणाऱ्यांना हा मार्ग लागू नाही, त्यांना बीजगणित लागणारच.

मी पालक आहे, मला स्वतःला बीजगणित येत नाही. घरी काय करू?

पाढे-बेरजा घेता तेव्हा मांडणी बदला, एवढं सगळ्यांना जमतं. ५ + ३ = __ च्या जोडीला __ = ५ + ३ लिहा, ८ = ८ लिहा आणि हे बरोबर आहे का विचारा, ६ + ४ = __ + ७ द्या. ४९ + ३७ = ५० + ३६ खरं की खोटं, बेरीज न करता सांग म्हणा. बरोबर उत्तर आलं तरी "कसं काढलंस?" विचारा, कारण १२ लिहिणाऱ्या मुलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला = कसं दिसतंय ते कळतच नाही. मूल मोठं असेल तर समीकरण सुटल्यावर आलेली किंमत परत घालून डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी येते का ते त्यालाच तपासायला लावा, त्यासाठी तुम्हाला बीजगणित यायची गरज नाही.